लिव्हर बायोप्सीनंतरचा आठवडा: काय बघायचं

लिव्हर बायोप्सी म्हणजे सुईने यकृताचा बारीक तुकडा तपासणीसाठी काढणं. जाताना फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, सैल सदरा हवा, हे कुणी सांगायला नको. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, दोन्ही डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आपल्या मनाने यातलं काहीच नाही.

सुई काढल्यावर बहुतेक ठिकाणी उजव्या कुशीवर झोपवतात, म्हणजे टोचलेल्या जागेवर दाब राहतो. नर्स घडीघडी बीपी आणि नाडी बघते. मोठा रक्तस्राव व्हायचाच असेल तर बहुधा पहिल्या काही तासांत कळतो, तेव्हा वाळपईची बस चुकेल म्हणून लवकर सोडण्याचा हट्ट धरू नका. त्या रात्री तर गावी जाऊच नका. हॉस्पिटल अर्ध्या तासात गाठता येईल अशा ठिकाणी मुक्काम करा, पणजीत, पर्वरीत, कुणा नातेवाइकाकडे. सोबत जागं माणूस हवं. स्कूटर चालवणं नाही, पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसणंही नाही.

उजवा खांदा दुखू शकतो. छाती आणि पोटामधला पडदा डिवचला गेला की कळ खांद्यात उमटते. थोडं दुखणं चालतं, पण ब्रुफेन देऊ नका. पॅरासिटामॉलसुद्धा किती, ते विचारून. दुखणं वाढत चाललं, पोट ताठ झालं, दरदरून घाम आला, चक्कर आली, नाडी धावायला लागली, तर लिंबूपाणी करत बसू नका, १०८ लावा. दम लागला किंवा श्वास घेताना छातीत कळ आली तरी तेच, फुप्फुसाला टोचलेलं असू शकतं. हुडहुडी भरून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

आता खरं सांगायचं ते. शौचाचा रंग बघा. चोवीस तास उलटले की घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आमच्याकडेही तेच झालं. पण सुईमुळे यकृतातली रक्तवाहिनी आणि पित्तनलिका एकमेकींना जोडली गेली, तर रक्त पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरतं, आणि ते कळायला चार-पाच दिवस, कधी जास्तही लागतात. तोवर माणूस पेज-लोणचं खाऊन अंगणात फिरत असतो. शौच डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं होतं. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, म्हणून ‘गोळीमुळे असेल’ म्हणत दोन दिवस घालवले जातात. तो निवाडा आपण करायचा नाही, फोन करायचा. आणि वडीलधारी माणसं आपणहून सांगत नाहीत, लाजतात. ‘बरं आहे ना?’ विचारलंत तर ‘बरं आहे’ एवढंच ऐकाल. सरळ विचारा, ‘बाबा, रंग कसला होता?’ पाणी ओतायच्या आधी बघायला सांगा. रोज. आठवडाभर. वरच्या पोटात कळा किंवा डोळे आधीपेक्षा पिवळे, आणि सोबत काळं शौच, असं असेल तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत.

बाकी किरकोळ. आठवडाभर जड उचलणं नाही, नारळाचं पोतं नाही, चवथ (गणेश चतुर्थी) असली तर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी दुसऱ्या कुणीतरी बांधावी. दारू नाही. पट्टी कधी काढायची, आंघोळ कधी, ते डिस्चार्जच्या कागदावर असतं. रिपोर्टला वेळ लागतो.

आणि रंग. आजचा विचारलात का?