कासच्या रानफुलांसाठी फिल्म कशी निवडावी

रंगांची वाखाणणी ऐकून रोल घेऊ नका. आधी उजेडाचा हिशेब करा.

ऑगस्ट-सप्टेंबरात कासच्या सड्यावर ढग ठाण मांडून असतात. अशा उजेडात आयएसओ १०० च्या फिल्मला (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता; आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) एफ ८ वर (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) साधारण १/१०० सेकंद लागतो. फूल पुढून मागपर्यंत स्पष्ट यावं म्हणून एफ १६ ठेवलंत, की तो १/२५ होतो. सीतेची आसवं ही फुलं तर इवलीशी. फिल्मवर ती मूळ आकाराएवढी हवी असतील तर लेन्स बरीच पुढे सरकवावी लागते आणि आणखी दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे थेट १/६ सेकंद. तेवढ्या वेळात वाऱ्यानं देठ हललेलाच असतो. आयएसओ ४०० घेतलीत तर परत १/२५ मिळतो. ट्रायपॉड तेव्हाही हवाच, पण वारा क्षणभर पडला की काम होतं. म्हणून पहिल्या फेरीला मी ४०० ची निगेटिव्ह (जिच्यावर रंग उलटे उमटतात आणि प्रिंट काढताना सुलटे होतात), पोर्ट्रा ४०० सारखी, घ्यायला सांगेन.

स्लाईड (जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं) की निगेटिव्ह, हे ठरवताना उन्हाचा विचार करा. भर उन्हात गेंदाची पांढरी फुलं स्लाईडवर जळून कोरे येतात; निगेटिव्ह उजेड थोडा जास्त झाला तरी सांभाळून घेते. ढगाळ हवेत मात्र स्लाईड फार सुंदर येते. ती धुऊन देणाऱ्या लॅब आता मोजक्याच आहेत, तेव्हा आधी लॅब गाठा, मग रोल घ्या.

आता रंग. वेल्विया ५० ही स्लाईड हिरवा आणि जांभळा गडद करते. भिंतीवर लावायला ते छान, पण वनस्पतीची नोंद ठेवायची असेल तर प्रोव्हिया १००एफ ही स्लाईड बरी. काही निळी फुलं कुठल्याही रंगीत फिल्मवर गुलाबीसर उतरतात. त्यांच्या पाकळ्या डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाशही परावर्तित करतात आणि फिल्म तो टिपते. फिल्टरनं हे सुधारायला गेलात तर पानं बिघडतात. त्यापेक्षा फुलाचा खरा रंग जागेवरच वहीत लिहा आणि त्याच उजेडात एक फ्रेम ग्रे कार्डची, म्हणजे ठरावीक करड्या रंगाच्या कार्डाची, घ्या; नंतर रंग जुळवायला ती कामी येते.

फ्रिजमधला रोल निघण्याच्या दोन तास आधी बाहेर काढा. डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

ट्रायपॉडचे पाय उघड्या कातळावरच टेकवा. तिथून फ्रेम जमत नसेल तर ते फूल सोडा, दुसरं शोधा.