नोकरी सांभाळून ऑनलाइन जोडउत्पन्न : या चुका टाळा

ऑनलाइन जोडउत्पन्न मिळवू पाहणाऱ्यांचे नुकसान बहुतेक वेळा काम निवडतानाच ठरून जाते. हाती मोबाइल आणि घरात इंटरनेट असले की पैसे येऊ लागतात, असा समज जाहिरातींनी रुजवला आहे. प्रत्यक्षात इंटरनेटमुळे ग्राहकापर्यंत पोहोचता येते एवढेच. ग्राहक पैसे देतो ते त्याची एखादी अडचण कोणी दूर केली तर. म्हणून कोणतीही संधी समोर आली की आधी विचारावे, की हे पैसे नेमके कोण देणार आहे आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार आहे. याचे सरळ उत्तर मिळत नसेल, तर काम कितीही सोपे वाटले तरी ते सोडून द्यावे.

काम मिळवण्यासाठी पैसे भरणे

व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो. यूट्यूबवरील चित्रफिती लाइक करायच्या किंवा गूगल मॅप्सवर हॉटेलांना चांगले अभिप्राय द्यायचे, एवढेच काम असते. पहिल्या दिवशी शे-दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात आणि तिथेच विश्वास बसतो. मग टेलिग्रामवरील एका गटात घेतले जाते, जिथे इतर ‘सदस्य’ मोठमोठ्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते सदस्य फसवणाऱ्यांच्याच टोळीतले असतात. पुढचे ‘टास्क’ पैसे भरून करायचे असतात. पडद्यावर नफा वाढत जाताना दिसतो, पण तो काढायला गेले की कर, दंड, खाते खुले करण्याचे शुल्क अशी नवनवी कारणे पुढे येतात आणि अडकलेले पैसे सोडवण्यासाठी माणूस आणखी पैसे भरत जातो. इथे वरचा प्रश्न लावून पाहावा. एका लाइकसाठी पन्नास रुपये मोजणारा व्यापारी कोण असेल आणि त्याला त्यातून काय मिळेल?

डेटा एंट्रीच्या नावाखालचा प्रकार याहून निर्दय आहे, कारण त्यात गृहिणी आणि विद्यार्थी यांना धाकात धरले जाते. ठरावीक दिवसांत शेकडो फॉर्म भरायचे, अचूकतेची जवळजवळ अशक्य अट पाळायची, असा ‘करार’ ऑनलाइन सही करून घेतला जातो. काम पूर्ण झाल्यावर चुका जास्त आहेत असे सांगून, वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून, नुकसानभरपाई मागितली जाते आणि अटकेची भीती घातली जाते. अशा नोटिशीला घाबरून पैसे देऊ नयेत. करारातील काम पूर्ण न होणे ही दिवाणी स्वरूपाची बाब आहे आणि त्यासाठी पोलीस घरी येऊन कोणाला अटक करत नाहीत. सर्व संदेश जपून ठेवावेत, घरच्यांना सांगावे आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करावी.

पैसे गेलेच असतील, तर राष्ट्रीय हेल्पलाइन १९३० वर तातडीने फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकवले जाण्यापूर्वी तक्रार नोंदली गेली, तर ते गोठवले जाण्याची शक्यता बरीच वाढते. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहणे हे या बाबतीत सर्वांत महागात पडते.

आपले बँक खाते कमिशन घेऊन दुसऱ्याला वापरायला देणे हेही अलीकडे ‘जोडउत्पन्न’ म्हणून सांगितले जाते, विशेषतः महाविद्यालयीन मुलांना. अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि तपासात पहिले नाव खातेदाराचेच येते. याबाबत मुलांशी घरात स्पष्ट बोलायला हवे.

सट्ट्याला उत्पन्न समजणे

शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर पैसे लावण्याचे व्यवहार जोडउत्पन्नाच्या यादीत सर्रास घातले जातात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत अशा व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि तोट्याची सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली आहे. या दोन्ही गोष्टी जोडउत्पन्नाच्या विचारातून पूर्ण वगळाव्यात.

यूट्यूबच्या भरवशावर हप्ता बसवणे

यूट्यूब वाहिनी सुरू करण्यात गैर काही नाही; तिच्या अपेक्षित उत्पन्नावर कर्जाचा हप्ता बसवणे ही चूक आहे. जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य (सबस्क्रायबर) आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शने, अशी अट आहे. ती पूर्ण झाल्यावरही खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत येत नाही. शिवाय जाहिरातीचा दर विषयावर आणि प्रेक्षक कोणत्या देशात आहेत यावर ठरतो, त्यामुळे दुसऱ्याच्या वाहिनीची दर्शने पाहून आपल्या उत्पन्नाचा अंदाज बांधता येत नाही. पहिल्या वर्षी वाहिनीकडे उत्पन्नाचे साधन म्हणून न पाहता आपल्या कामाचा नमुना दाखवण्याची जागा म्हणून पाहावे. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंना जाहिरातींपेक्षा त्या वाहिनीमुळे मिळालेल्या शिकवण्यांतून जास्त पैसे मिळू शकतात.

हाताशी असलेले कौशल्य न ओळखणे

डिजिटल मार्केटिंगचे महागडे अभ्यासक्रम विकत घेण्यापूर्वी आपल्याला आधीच काय येते याचा शांतपणे विचार करावा. चांगले मराठी लिहिता-वाचता येणे हे बाजारात किंमत असलेले कौशल्य आहे, आणि ते असलेले अनेक जण त्याला कौशल्य मानतच नाहीत, याचे मला वाईट वाटते.

एक उदाहरण घेऊ. युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर किंवा मोबाइलवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धती, रूढ होण्यापूर्वीचा बराच मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला आहे. प्रकाशक, संस्था, नियतकालिके यांना तो आता ई-पुस्तकासाठी किंवा संकेतस्थळासाठी युनिकोडमध्ये हवा असतो. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण त्यांतून बाहेर पडणाऱ्या मजकुरात रफार, जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे यांचे घोटाळे उरतात, आणि ते मूळ प्रतीशी ताडून दुरुस्त करणारा माणूस लागतो. हे काम रात्री दोन तास बसून करण्याजोगे आहे. मोडी लिपी वाचता येणाऱ्यांची गरज तर २०२३ मध्ये साऱ्या राज्याला दिसली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना जुनी मोडी कागदपत्रे वाचावी लागली. जमिनीचे जुने कागद, घराण्यांचे दप्तर, संशोधकांना हवी असलेली पत्रे यांचे लिप्यंतर स्कॅन प्रतींवरून घरी करता येते. मात्र मोडी शिकायला आणि वेगवेगळी वळणे ओळखायला वेळ द्यावा लागतो. प्राथमिक वर्ग करून लगेच कामे घेणे योग्य नाही, कारण एका चुकीच्या वाचनामुळे कोणाचा तरी दावा बिघडू शकतो.

परदेशातील मराठी कुटुंबांच्या मुलांना शिकवणे हाही चांगला मार्ग आहे. उत्तर अमेरिकेत मराठी शाळा भरतात, पण त्या आठवड्यातून एकदाच असल्याने बोलण्याच्या सरावासाठी स्वतंत्र शिक्षक हवा असतो. इथे नेहमीची चूक वेळेची होते. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, म्हणून नोकरदार शिक्षकाने तिथल्या शनिवार-रविवारची सकाळ निवडावी, म्हणजे आपल्याकडे ती संध्याकाळ येते. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळे तासाने बदलतात, हे पालकांशी आधीच बोलून ठेवावे. दुसरी चूक म्हणजे इथल्या पहिलीचे पाठ्यपुस्तक तसेच्या तसे लावणे. त्या मुलाला मराठी ऐकून समजते पण वाचता येत नाही; त्याचा अभ्यासक्रम आजीशी फोनवर बोलण्यापासून सुरू व्हायला हवा.

तासाचा हिशेब न करणे

दर शब्दांवर, पानांवर किंवा मिनिटांवर ठरतो, पण खर्च होतात ते आपले तास. समजा, एक रुपया शब्दाप्रमाणे १,००० शब्दांचा अनुवाद घेतला. अनुवादाला तीन तास, तपासणीला एक आणि ग्राहकाच्या शंका-दुरुस्त्यांना आणखी एक तास लागला, तर तासाला २०० रुपये मिळाले. काम फायव्हरसारख्या, ग्राहक आणि काम करणारे यांची ऑनलाइन गाठ घालून देणाऱ्या मंचावरून आले असेल, तर मंचाचा २० टक्के वाटा वजा जाता १६० रुपयेच उरले. चित्रफितीच्या उपशीर्षकांचा दर मिनिटांवर असतो, पण दहा मिनिटांच्या चित्रफितीला काही तास सहज लागतात. सुरुवातीच्या दोन-तीन कामांची अशी नोंद वहीत ठेवली, की कोणते काम घ्यायचे आणि कोणते नाकारायचे हे आपोआप स्पष्ट होते.

यंत्रानुवादाने साध्या अनुवादाचे दर खाली ओढले आहेत, हे मान्य करायला हवे. म्हणूनच ‘काहीही टाइप करून देऊ’ असे सांगणाऱ्यापेक्षा कायदा, शेती, आरोग्य किंवा शालेय पाठ यांपैकी एका विषयाची परिभाषा नीट सांभाळणाऱ्याला काम टिकवणे सोपे जाते. नमुना म्हणून एक-दोन परिच्छेद विनामूल्य द्यावेत. अख्खे प्रकरण मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

कामाच्या अटी ई-मेलवर लिहून घेणे अनेकांना संकोचाचे वाटते. शब्दसंख्या, दर, मुदत, दुरुस्त्यांची संख्या आणि पैसे किती दिवसांत मिळतील, एवढे तरी लेखी असावे. लेखन असेल तर हक्कांबद्दलही लिहावे. लेखी करारात हक्क किती काळासाठी दिले हे नमूद नसेल, तर भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ते पाच वर्षांसाठी आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरते दिले असे धरले जाते.

नोकरीचे नियम आणि कर यांकडे दुर्लक्ष

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यवसाय करण्यास त्यांत मनाई आहे. प्रासंगिक साहित्यिक किंवा कलात्मक कामाला काही अटींवर मुभा आहे. शाळेतील शिक्षकांना तर शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शिकवण्या घेण्यास मनाई केली आहे. खाजगी कंपनीत असाल तर नेमणूकपत्रातील अटी वाचाव्यात. विप्रोने २०२२ मध्ये एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना कामावरून कमी केले होते. कंपनीचा लॅपटॉप किंवा कार्यालयीन वेळ बाहेरच्या कामासाठी वापरू नये, मग ते काम कितीही लहान असो.

कराच्या बाबतीत दोन गैरसमज वारंवार आढळतात. ग्राहकाने पैसे देतानाच १० टक्के टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) कापला म्हणजे कर भरून झाला, हा पहिला. जोडउत्पन्न पगारात मिळवल्यावर जो टप्पा लागू होतो, त्यानुसार उरलेला कर भरावा लागतो, आणि वर्षाचा असा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर तो आगाऊ हप्त्यांनी भरायचा असतो. दुसरा गैरसमज विवरणपत्राचा आहे. व्यवसायातून उत्पन्न असेल तर पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. जीएसटीची भीती मात्र बऱ्याचदा अनाठायी असते. महाराष्ट्रात केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सामान्यतः नोंदणी बंधनकारक नसते. वस्तू परराज्यांत ऑनलाइन विकायच्या असतील तर नियम वेगळे आहेत आणि करसल्लागाराला विचारूनच सुरुवात करावी.

काम सुरू झाल्यावर अडले तर

चौकशा पाठवूनही उत्तर येत नसेल, तर शंभर जणांना एकच मजकूर पाठवणे थांबवावे. त्याऐवजी दहा ग्राहक निवडून, त्यांच्या प्रकाशित मजकुरातील एखादी उणीव नम्रपणे दाखवून, ती दुरुस्त करून दिलेली ओळ सोबत जोडावी.

पैसे थकले असतील, तर आधी तारीख नमूद करून लेखी आठवण द्यावी. काम सुरू करण्यापूर्वीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी, करून ठेवली असेल, तर हात बळकट होतो. ही नोंदणी विनामूल्य आहे. तशी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे अशा उपक्रमांसाठीच्या २००६ च्या केंद्रीय कायद्यानुसार, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते आणि थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. या तरतुदीचा नुसता उल्लेख असलेले पत्रही अनेकदा पुरेसे ठरते.

बिल एका नावाचे आणि पैसे भलत्याच माणसाच्या खात्यातून, असे झाले तर ती रक्कम स्वीकारण्यापूर्वी ग्राहकाकडून लेखी खुलासा घ्यावा, कारण तो पैसा फसवणुकीचा निघाल्यास आपलेही खाते गोठवले जाऊ शकते. खाते गोठवले गेलेच, तर कोणत्या पोलीस ठाण्याच्या आणि कोणत्या क्रमांकाच्या तक्रारीवरून ते झाले हे बँकेकडून लेखी मागावे आणि संबंधित अधिकाऱ्याला बिल, ई-मेल व दिलेल्या कामाची प्रत एकत्र सादर करावी. परदेशी ग्राहक असेल, तर पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला त्याच फाइलमध्ये ठेवावा.