एकाच दोन तारांवर भरायची नि वापरायची बॅटरी : संरक्षण सर्किट कसं जोडावं

चवथीच्या दिवसांत आमच्या गोव्यातल्या सत्तरीत वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळंपानं टांगायच्या चौकटीच्या, दिव्यांसाठी मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे 4 सेल जोडून 12.8 व्होल्टची बॅटरी केली, कौलांवर सोलर पॅनल टाकला आणि ऋण तारेत एकच मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, घातला. बॅटरी उतरली की दिवे बंद व्हायचे, ते ठीक. चार्जिंग मात्र थांबेना. एकूण 14.4 व्होल्ट बघून सोलर कंट्रोलर निर्धास्त, आणि आत तीन सेल 3.5 वर, चौथा 3.9 वर! मर्यादा 3.65 ची. सेलवर नजर ठेवणाऱ्या आयसीने (चिपने) मॉसफेटचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारं टोक, कधीच शून्यावर आणलं होतं, तरी करंट चालूच. शेवटी पॅनलची तार उपटली.

दोष आयसीचा नव्हता. मॉसफेटच्या पोटात जन्मजात एक डायोड असतो, बॉडी डायोड. मॉसफेट बंद केला तरी तो डायोड एका दिशेने वाट देतोच. म्हणजे एक मॉसफेट हे एकाच बाजूने अडवणारं दार.

उपाय म्हणजे दोन एन-चॅनल मॉसफेट पाठीला पाठ लावून जोडायचे. मॉसफेटमध्ये करंट ड्रेन आणि सोर्स या दोन टोकांमधून जातो. दोघांचे ड्रेन एकमेकांना. एकाचा सोर्स बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसऱ्याचा बाहेरच्या ऋण टोकाला. पहिला डिस्चार्ज तोडतो, दुसरा चार्जिंग. दोन्ही चालू असताना करंट कुठल्याही दिशेने जातो, दोन्ही बंद केले की डायोड परस्परविरुद्ध, त्यामुळे काहीच जात नाही.

सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर घ्या. जोडीतल्या प्रत्येक गेटला तारेने स्वतःच्या सोर्सशी जोडा. गेट मोकळं राहिलं तर मीटर काहीही दाखवतं. मग डायोड मोडवर दोन सोर्समध्ये काड्या लावा, उलटून पुन्हा लावा. दोन्ही वेळा ओपन दिसलं पाहिजे. एका बाजूला 0.5 च्या आसपास आकडा आला तर तुमची जोडणी माझ्या पहिल्या जोडणीसारखीच आहे.

सराव एका लिथियम-आयन सेलवर करा. डीडब्ल्यू01 आयसी आणि 8205 ही मॉसफेटची तयार जोडी स्वस्तात मिळते. सेलच्या धन टोकापासून आयसीच्या पुरवठ्याला 100 ओहम, तिथून ऋणाकडे 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि करंट ओळखणाऱ्या पिनपासून बाहेरच्या ऋण टोकाला 1 किलोओहम. एवढंच. हा आयसी फॉस्फेट सेलला लावू नका, तो साधारण 4.3 व्होल्टला चार्जिंग तोडतो.

मोठ्या बॅटरीला तयार बीएमएस, म्हणजे संरक्षणाचा बोर्ड, घेताना टोकं मोजा. चार्जिंगसाठी वेगळं टोक असेल तर तो वेगळ्या पोर्टचा बोर्ड. सोलर कंट्रोलर किंवा इन्व्हर्टर एकाच जोडीवर लावायचा असेल तर कॉमन पोर्टचाच, म्हणजे भरायची नि वापरायची टोकं एकच असलेला, घ्या. वेगळ्या पोर्टच्या बोर्डात लोडच्या टोकावर चार्जिंग लावलंत, तर जास्त भरण्यापासून संरक्षण राहतच नाही.

आता उष्णता. डिस्चार्ज तुटलेला असताना चार्जर लावला की करंट त्या मॉसफेटच्या डायोडमधून जातो. 20 अँपिअर आणि 0.7 व्होल्ट म्हणजे 14 वॅट, पाऊण इंची तुकडा भाजून काढायला पुरेत. तोच मॉसफेट चालू झाला की 2 मिलिओहमवर फक्त 0.8 वॅट. म्हणून पूर्ण उतरलेली बॅटरी आधी 1 अँपिअरवर जागी करा. सेल सावरून आयसीने मॉसफेट चालू केला की मग करंट वाढवा. कित्येक सोलर कंट्रोलरना टोकांवर व्होल्टेजच दिसत नाही म्हणून ते सुरूच होत नाहीत, अशा वेळी 14.6 व्होल्टचा साधा चार्जर लागतो.

बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच, आणि पावसाळ्याआधी बोर्डवर वॉर्निशचा हात. आमच्याकडे भिंतींना ओल धरते, तिथे उघड्या तांब्याची काय कथा.