मागच्या एक्सलचे गिअर बदलायचेत? मग बिल कशाकशाचं होतं ते आधी बघा

"क्राउन-पिनियन बदलायला किती घ्याल?" असं दोन गॅरेजवाल्यांना फोनवर विचारा, एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्माही नसतो, आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात. एकाने नुसता गिअरचा जोड (मोठा क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन) आणि खोलाफिटिंगची मजुरी धरलेली असते, दुसऱ्याने बेअरिंग, सील, शिम (गिअरची जागा ठरवणारी पातळ चकती), ऑइल, सेटिंगचा वेळ सगळं धरलेलं असतं. मी पहिल्यांदा स्वस्तवाल्याकडे गेलो आणि तेच काम दोनदा करून घेतलं, म्हणून हे सगळं लिहितोय.

पण त्याच्याही आधी, गिअर खरंच गेलेत का ते बघा. मागून आवाज आला की लगेच डिफरन्शियल (एक्सलच्या मधला, हे गिअर असलेला भाग) खोलायला सांगू नका. ॲक्सिलरेटर दाबला की हूंऽऽ असा सूर लागतो आणि पाय काढला की सूर बदलतो किंवा बंद होतो, असं असेल तर क्राउन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा. पाय दाबा नाहीतर सोडा, घरघर तशीच चालू आणि वळणावर गाडीचं वजन एका बाजूला गेलं की कमीजास्त होते, तर बहुतेक चाकाचं बेअरिंग, ते बरंच स्वस्तात निघतं. नुसतं वळतानाच कटकट येत असेल तर आतले छोटे स्टार पिनियन (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) बघायचे. आणि गिअर टाकला की खट्ट असा एकच ठोका येतो ना, तो पुष्कळदा गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या, सांध्याचा (क्रॉसचा) निघतो आणि लोक उगाच डिफरन्शियल उघडून बसतात. (गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर मागच्या एक्सलला हे गिअरच नसतात, तिथे आवाज दुसराच कसलातरी आहे.)

ऑइल काढून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर काळपट मऊ लगदा असणारच, त्याला घाबरायचं नाही, पण बोटांत चोळल्यावर कण टोचले किंवा दाताचा तुकडा हाताला लागला तर विषय संपला. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, ब्रीदर (एक्सलची हवा जायची वाट) आणि सील बघायला सांगा, नाहीतर नव्या गिअरचीही तीच गत होईल.

आता बिल. क्राउन आणि पिनियन फॅक्टरीत एकमेकांवर घासून जुळवलेले असतात त्यामुळे जोडीनेच घ्यायचे, "पिनियन चांगलाय, नुसता क्राउन टाकू" असं कोणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. जोडाच्या किमतीवर पिनियनची दोन बेअरिंग, डिफरन्शियलची दोन, पिनियन सील, एक्सलची सीलं, क्राउनचे बोल्ट, पिनियन नट, शिम, बऱ्याच गाड्यांत क्रश स्लीव्ह (पिनियन नट आवळताना चेपून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) आणि गाडीच्या पुस्तकात दिलंय त्या ग्रेडचं गिअर ऑइल, बहुतेक ठिकाणी जीएल-५ लागतं. लिमिटेड स्लिप (एकच चाक रिकामं फिरू न देणारा) डिफरन्शियल असेल तर ऑइलमध्ये वेगळं ॲडिटिव्ह लागू शकतं. नट आणि क्रश स्लीव्ह एकदाच वापरायच्या वस्तू आहेत, आणि बेअरिंगवर पैसे वाचवायचे तर मग गिअर तरी कशाला बदलताय, कारण बेअरिंगच्या ढिलाईनेच पुष्कळदा गिअर मरतात.

मजुरी कशावर ठरते तर एक्सल कुठल्या जातीचा आहे त्यावर. काही गाड्यांत डिफरन्शियलची अख्खी असेंब्ली हाउसिंगला पुढून बोल्टने लावलेली असते, ती काढून टेबलावर घेतात, निवांत सेट करतात आणि परत बसवतात. काहींत मागचं झाकण काढून सगळं गाडीखाली झोपूनच करावं लागतं, तिथे तास वाढतात. नीट केलं तर चार ते आठ तासांचं काम आहे, गंजलेले बोल्ट निघाले तर अजून जास्त, आणि "दोन तासांत देतो" म्हणणारा सेटिंग करणारच नाहीये हे धरून चाला.

सेटिंग म्हणजे काय ते एकदा शेजारी उभं राहून बघाच. पिनियन किती आत बसणार ते शिम ठरवते, दोन गिअरमधला प्ले (दातांमधली मोकळीक) डायल गेज लावून मोजतात, बऱ्याच गाड्यांत तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असतो, नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा. मग क्राउनच्या तीनचार दातांना पिवळी पेस्ट फासून गिअर थोडा दाब देऊन फिरवतात आणि दातावर उमटलेला ठसा बघतात. ठसा दाताच्या मधोमध आला तर ठीक, वरच्या कडेला आला तर पिनियन लांब राहिलाय, मुळाशी आला तर जास्त आत गेलाय, म्हणजे पिनियन बाहेर काढा, प्रेसवर बेअरिंग उतरवा, शिम बदला, परत बसवा, परत पेस्ट. हे तीन-तीन, चार-चार वेळा होतं. जाणता मेकॅनिक त्यासाठी जुन्या बेअरिंगचं भोक घासून सैल केलेलं ठेवतो, ते हातानेच निघतं, आणि शिम पक्की झाली की मगच नवं बेअरिंग दाबतो. मी हे बघत असताना शेवटी नट आवळताना जरासा जास्त गेला, क्रश स्लीव्ह हवी त्यापेक्षा जास्त चेपली, आणि नट सैल करून भागवायच्या ऐवजी त्या माणसाने सगळं खोलून नवी स्लीव्ह टाकली. मजुरी देताना मला अजिबात जड गेलं नाही. पहिल्या गॅरेजात जुनी शिम तशीच टाकून हाताने हलवून "प्ले बरोबर आहे" म्हणाले होते, महिनाभरात आवाज परत चालू.

मग पूर्ण सेकंडहँड एक्सल टाकला तर? आवाज नसलेला, ऑइल स्वच्छ असलेला मिळाला तर कधीकधी तेच परवडतं, सेटिंगचे तास वाचतात. पण रेशो जुळलाच पाहिजे. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, ४१ आणि १० असतील तर ४.१, आणि एकाच मॉडेलला दोन-दोन रेशो आलेले असतात म्हणून टॅग वाचा नाहीतर दात मोजा. फोर बाय फोर असेल तर पुढचा-मागचा रेशो एकच लागतो, म्हणजे मुद्दाम रेशो बदलायचा विचार असेल तर दोन्ही एक्सलचा खर्च धरा, वर बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटर चुकीचा दाखवेल त्याचं निस्तरणं वेगळं.

काम द्यायच्या आधी सरळ विचारा: बेअरिंग धरली आहेत का, डायल गेज आहे का, पेस्टचा ठसा दाखवाल का, जुने पार्ट परत देणार का, आणि आवाज राहिला तर परत खोलायची मजुरी कोणाची. शेवटच्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल त्याचा आकडा कितीही कमी असला तरी सोडा. सगळं कागदावर घ्या, पेस्टच्या ठशाचा फोटोही मोबाईलवर काढून ठेवा.

गाडी हातात आली की पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं आरामात चालवायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायची, असं दोनतीनदा. पहिले ८०० किलोमीटर टोइंग नाही, भरगच्च लोड नाही, नंतर ते ऑइल काढून नवीन भरायचं. हे दुसरं ऑइलही पहिल्या हिशोबातच धरा, बिलात ते कोणी लिहीत नाही.