पणजीची कात्रणवही सापडली? आधी हे वाचा

माळ्यावरच्या ट्रंकेत पणजीची कात्रणांची, रांगोळ्यांची वही सापडली ना, तर लगेच उन्हात टाकू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडतो आणि कागद खराब होतो. हात धुवून कोरडे करा, मऊ ब्रशने धूळ, कसर झटका, चिकटलेली पानं ओढू नका. मग खिडकीच्या उजेडात फ्लॅश न मारता प्रत्येक पानाचा फोटो, मागच्या बाजूचासुद्धा! साल कळत नसेल तर किमती बघा, नवे पैसे १९५७ ला आले, म्हणजे जाहिरातीत आणे-पै असतील तर कात्रण बहुधा त्याआधीचं. आणि घरातल्या मोठ्यांना आजच दाखवा, कुठलं अक्षर कोणाचं ते त्यांनाच ओळखता येतं, बोलतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.