हात दिसताच फिसकारणारा कॉकाटिएल: शेवटी काय उपयोगी पडलं

माझ्या कॉकाटिएलचं (तुरा असलेला छोटा पोपट) लक्षण असं: पिंजऱ्याजवळ हात गेला की तुरा डोक्याला घट्ट चिकटवून फिसकारणं, कोपऱ्यात धडपडणं, चावणं. आधीच्या घरी त्याला सारखं मुठीत पकडलं जायचं. हातमोजे, टॉवेलमध्ये धरणं, नुसतं एकटं सोडणं, काहीच चाललं नाही. फार हताश व्हायला झालं होतं.

मग क्रम बदलला. आधी तो शांत राहील इतक्या अंतरावर, त्याच्याकडे टक न लावता, तिरकं बसून हळू आवाजात वाचत राहायचं. तो खायला किंवा पिसं साफ करायला लागला, तरच खुर्ची थोडी पुढे. त्यानंतर येता-जाता वाटीत राळ्याचे दाणे टाकून लगेच दूर व्हायचं. पुढे राळ्याचं लांब कणीस गजांतून धरायचं आणि हळूहळू आखूड करत बोटांपर्यंत आणायचं. हे रोजच्या खाण्यात देऊ नये, नाहीतर त्याची ओढ राहत नाही.

तुरा चपटा झाला, अंग आक्रसलं, की तिथेच थांबून मागच्या पायरीवर. माझ्या मते सगळं यावरच अवलंबून आहे. शेवटी उघड्या दारातून काठी पोटाखाली, पायांच्या जरा वर धरली. तो चढला. काठीच्या जागी बोट त्यानंतरच.