अकूस्टिक वाजवणाऱ्यासाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार: भेट घेण्याआधी काय मोजायचं, काय तपासायचं

गिटार भेट द्यायची ठरली की माणूस दुकानात जाऊन आधी रंग बघतो, मग नाव, मग किंमत. अकूस्टिक वाजवणाऱ्यासाठी घेताना सुरुवात दुकानातून करू नका. त्याच्या घरी जी गिटार आहे तिच्यापासून करा. तीन-चार वर्षं एकाच गिटारीवर फिरलेल्या बोटांना काही अंतरं आणि काही ताण पाठ झालेले असतात. नवी गिटार त्यापासून फार दूर गेली तर पहिल्या आठवड्यानंतर ती बॅगेतच राहते.

त्याच्या गिटारीवर चार मोजमापं

भाचा कॉलेजला गेलेला असताना किंवा मुलगी क्लासला गेलेली असताना एक पट्टी घेऊन बसा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली गोष्ट म्हणजे उजवी की डावी. तो कोणत्या हाताने जेवतो किंवा लिहितो यावरून हे ठरवू नका. डावखुरी माणसं पुष्कळदा उजवी गिटारच शिकतात. तो गिटार हातात कशी धरतो ते बघा.

मग नट, म्हणजे मानेच्या टोकाची ती पांढरी पट्टी जिच्या खाचांतून तारा जातात. तिची रुंदी मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारीत ती ४३ ते ४४.५ मिमीच्या आसपास भरते. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर ५२ मिमी. इलेक्ट्रिकमध्ये बहुतेक वेळा ४२ किंवा ४३ मिमी मिळते. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण ओपन सी कॉर्ड धरताना शेजारच्या तारेला बोट टेकतं ते याच मिलिमीटरमुळे. घरी ४४.५ असेल तर ४३ ची शोधा. घरी क्लासिकल असेल तर सुरुवातीचे काही आठवडे बोटांना दाटी वाटणारच.

तिसरं माप तारेच्या लांबीचं. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मोजा आणि दुप्पट करा. फेंडर घराण्याच्या गिटारींत हे माप ६४८ मिमी असतं, गिब्सन घराण्यात साधारण ६२८. अकूस्टिकमध्ये ६४५-६५० सर्रास आढळतं, म्हणून ६४८ वर फ्रेटमधलं अंतर ओळखीचं लागतं. हात लहान असतील तर ६२८ सोयीची, पण तिथे त्याच जाडीच्या तारा सैल लागतात.

चौथं माप तारांचं. ड्रॉवरमध्ये तारांचं जुनं पाकीट सापडलं तर त्यावरचे आकडे टिपून घ्या. ते सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागात. १२-५३ असेल तर त्याची बोटं जोर लावून वाजवणारी आहेत.

तारांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या

अकूस्टिकवाल्याला इलेक्ट्रिक बेसूर वाटते, त्याचं कारण बहुधा गिटारीत नसतं, तारांत असतं. नव्या गिटारीवर अनेकदा ९-४२ च्या बारीक तारा येतात. १२-५३ वर कमावलेला हात त्या तितक्याच जोराने दाबतो, तार फ्रेटच्या मागे खाली ओढली जाते आणि सूर चढतो. ट्यूनर बरोबर दाखवतो, कॉर्ड मात्र आंबट लागते. शिवाय अकूस्टिकवर तिसरी, म्हणजे 'जी' (G) सुराची तार, गुंडाळलेली असते. इलेक्ट्रिकवर ती साधी असते आणि दाबाला चटकन चढते. म्हणून दुकानातच १०-४६ च्या निकेलच्या तारा लावून घ्या. हात वर्षभरात हलका होतो, मग हवं तर त्याने ९ वर जावं.

घरात पडलेला ब्रॉन्झ तारांचा संच इलेक्ट्रिकवर लावू नका. पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेला आवाज पकडणारा भाग, चुंबकाचं असतं, ते लोखंड-पोलाद आणि निकेलची हालचाल ऐकतं. ब्रॉन्झचं वेष्टन त्याला ऐकूच येत नाही. मग वरच्या दोन साध्या तारा मोठ्याने वाजतात आणि जाड तारा दबल्यासारख्या.

कॅपोचाही, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याचाही, विचार करा. अकूस्टिकसाठीचा दणकट स्प्रिंगचा कॅपो बारीक तारांना ओढून सूर चढवतो. स्क्रूने दाब कमी-जास्त होणारा कॅपो सोबत दिलात तर भेटीची शोभा वाढेल आणि कामही होईल.

पिकअप आणि ब्रिज

सिंगल कॉइल पिकअपचा आवाज स्वच्छ, किणकिणता. अकूस्टिकवाल्याला तो लगेच आवडतो. पण एकच कॉइल अँटेनासारखी वागते आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडते. हमबकरमध्ये उलट गुंडाळलेल्या, उलट ध्रुवाच्या दोन कॉइल असतात. तारेचा आवाज त्यांत मिळून येतो, गुणगुण एकमेकींत वजा होते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हीच युक्ती वापरली. पहिल्या गिटारीसाठी आमची पसंती ब्रिजजवळ (अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) एक हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल या मांडणीला. यामाहा पॅसिफिका ०१२ आणि ११२ या दोन्ही अशाच आहेत. तिच्यावर गोव्याच्या मांडो गाण्यांची साथही होते आणि बँडमध्ये डिस्टॉर्शनही, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाजही, झेपतं.

ब्रिज शक्यतो पक्का घ्या. १९५० च्या सुमारास आलेल्या टेलिकास्टरचा आणि १९५२ च्या लेस पॉल घराण्याचा ब्रिज सहसा हलत नाही. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवरच्या गिटारीत मागे स्प्रिंगा आणि पुढे दांडी असते. ती घेतलीत तर मागचं झाकण काढून क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन स्क्रू आवळून ब्रिज अंगाला टेकवून घ्या, म्हणजे एक तार तुटली तरी बाकीच्या पाच फारशा ढळत नाहीत. फ्लॉइड रोज प्रकारचा तरंगता, कुलूपबंद ब्रिज पहिल्या गिटारीवर नकोच. तार बदलायला पाना लागतो, तास जातो आणि प्रत्येक तार लावताना आधीची उतरते.

लाकडाच्या नावांवर पैसे घालवू नका. या किमतीत पॉप्लर की बासवूड, याहून फ्रेट नीट घासलेत की नाही हे महत्त्वाचं. वजन मात्र उचलून बघा. लेस पॉल पद्धतीची गिटार चार किलोच्या पुढे जाऊ शकते, आणि उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते कळतं.

पैशांची वाटणी

सगळे पैसे गिटारीत घालून ॲम्प (गिटारीचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) 'नंतर बघू' म्हणणं ही सगळ्यात मोठी चूक. ॲम्पशिवाय इलेक्ट्रिक म्हणजे कुजबुजणारी गिटार. २५,००० रुपये हातात असतील तर १४-१५ हजार गिटारीला, ६-७ हजार ॲम्पला ठेवा. उरलेल्यात केबल, पट्टा, तारांचा जादा संच, बॅग आणि सेटअपची, म्हणजे मान आणि तारांची उंची जुळवून घेण्याची, मजुरी बसवा.

घरासाठी १० ते २० वॅटचा, हेडफोनचं भोक असलेला मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पचे आवाज काढणारा) घ्या. वाड्यातल्या घरांच्या भिंतींना भिंती लागून असतात, म्हणून हेडफोन हवेतच. केबल ६.३५ मिमी जॅकची, तीन मीटरची, शील्ड (गुणगुण अडवणारं आतलं धातूचं आवरण) असलेली. स्पीकरची केबल तशीच दिसते, पण तिला शील्ड नसते आणि ती लावली की गुणगुण दुप्पट होते. घरी आधीच अकूस्टिकचा ॲम्प असेल तर स्वच्छ आवाजाला तो चालेल. डिस्टॉर्शन त्यातून कर्कश येतं.

दुकानात, वाजवता येत नसलं तरी

मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी लागली तर ती गिटार ठेवून द्या. सहा तारा, प्रत्येकीवर २२ फ्रेट, म्हणजे १३२ सूर. एकेक करून सगळे वाजवून बघा. मध्येच एखादा सूर मेला किंवा घरघरला तर दाखवा. ॲम्पला जोडून स्विचच्या प्रत्येक जागेवर आवाज येतो का बघा, सगळ्या चकत्या फिरवा, जॅक हलका हलवा. किरकोळ खरखर साफसफाईने जाते. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर तो आवळून घ्या, तरीही तुटला तर जोडणीत दोष आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर हंगामभर वाजवणारे वादक पावसाळ्याच्या तोंडावर गिटारी विकतात आणि त्यांत चांगला माल निघतो. तिथे दोन गोष्टी जास्तीच्या तपासा. सॅडलच्या (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते त्या तुकड्याच्या) बारीक स्क्रूत ॲलन की घालून तो फिरतो का बघा. खाऱ्या हवेने तो गंजून बसला असेल तर तारांची उंची कधीच बदलता येणार नाही. मग हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, डोळा लावून मानेकडे बघा. पुढे-मागे झुकलेली मान सरळ करता येते, पिळलेली सहसा येत नाही.

सेटअप सांगताना हे आकडे द्या

पहिल्या फ्रेटवर कॅपो, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, तेव्हा सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली सुमारे ०.२५ मिमी फट. बाराव्या फ्रेटवर जाड ई खाली २ मिमी, बारीक ई खाली १.६ मिमी. जोरात स्ट्रम करणाऱ्याला याहून खाली उतरवलं तर तारा फ्रेटवर आपटतात. शेवटी बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवायचे. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. हा क्रम उलटा करू नये, कारण मान हलली की बाकीचं सगळं पुन्हा बदलतं.

गोव्याची हवा आणि घरची वीज

जून ते सप्टेंबर गिटार बंद बॅगेत कोंडून ठेवू नका. बॅगेलाच बुरशी धरते. वाजवून झाल्यावर सुती कापडाने तारा वरून आणि खालूनही पुसा. ठेवायचीच असेल तर बॅगेत निळी सिलिका जेल टाका आणि ती गुलाबी झाली की बदला. ओलाव्याने मान थोडी हलणारच. पहिल्या पाच फ्रेटवर घरघर सुरू झाली तर मान मागे गेली आहे, तारा मध्ये उंच झाल्या तर पुढे. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिला सरळ ठेवणारी सळई, एका वेळी पाव फेराच फिरवा, मग तासभर थांबून पुन्हा मोजा.

जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण त्याला अर्थिंगची तार अनेकदा जोडलेली नसते. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे नेहमीचं. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र ॲम्प लगेच बंद करा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थिंगलाच जोडलेल्या असतात. चवथीच्या मंडपात किंवा जत्रेच्या मंचावर ॲम्प एका बोर्डवर आणि माइक दुसऱ्या बोर्डवर असेल तर गाताना ओठाला झटका बसू शकतो. दोन्ही एकाच बोर्डवरून घ्यायचे, हे गिटार हातात देतानाच सांगून ठेवा.

बिल बॅगेच्या खिशात असू द्या, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आसपास, आणखी एका सेटअपचे पैसे बाजूला ठेवा.